दोन्ही इंजिनं थंड असताना

आक्का माझ्या खोलीवर आली ती गुरुवारी सकाळी. आमच्या भागातल्या कारखान्यांना तेव्हा गुरुवारी सुट्टी असायची, आणि तिने बरोबर तो दिवस गाठला होता. कामशेतला पहिली गाडी धरून ती चिंचवडला उतरली आणि स्टेशनापासून चालत आली. मी कामाचे कपडे धुऊन दोरीवर वाळत घालत होतो. तिने दारात चपला काढल्या, माठातलं पाणी घेतलं, एका दमात प्याली आणि म्हणाली, "तुला इंजिन कळतं ना?"

"तेवढंच कळतं," मी म्हणालो.

"मग सदरा घाल. लाँच बघाया जायचंय."

आक्का माझी थोरली बहीण. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला, तशी ती गावी परत आली आणि सरकारी दवाखान्यात शिकून सुईण झाली. दवाखान्याने तिला अॅल्युमिनियमची एक पेटी दिली होती. त्या पेटीसकट ती मावळातल्या आमच्या बाजूच्या आठ-दहा वाड्या पायी फिरायची. मी मात्र गाव सोडून पिंपरीला आलो. एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागलो आणि पुढे टेस्टिंग खात्यात फिटर झालो. दिवसभर आमच्यापुढे डिझेल इंजिनं यायची. ती चालवायची, ऐकायची, धूर बघायचा, आणि पास की नापास ते पाटीवर लिहायचं. सात वर्षं मी हेच करत होतो.

लाँच कशासाठी, हे मला विचारावं लागलं नाही. आमचं गाव धरणात गेलं होतं. पाणी चढलं तशी अर्धी घरं अलीकडच्या उतारावर सरकली आणि अर्धी पलीकडे डोंगराच्या कुशीत. आमची वस्ती अलीकडे, दवाखान्याजवळ. सरपंचांचा वाडा आणि त्यांची भावकी पलीकडे. मधल्या पाण्यात एक लाकडी होडी चालायची, पण पावसाळ्यात वारा सुटला की ती खुंट्याला बांधूनच ठेवावी लागायची. मग पंधरा मैलांचा वळसा घालून चालत जायचं, त्यातला निम्मा रस्ता चिखलाचा.

मागच्या पावसाळ्यात सरपंचांची सून अडली. पलीकडून एक माणूस चालत आला, आक्काला उठवलं, आणि आक्का त्याच्याबरोबर पेटी डोक्यावर घेऊन चालत गेली. ती पोहोचली तेव्हा मूल झालेलं होतं आणि ते जगलं. सून मात्र गेली होती. आक्काने ही गोष्ट मला एकदाच सांगितली, तीही एवढ्याच शब्दांत. त्यानंतर तिने दोन्ही काठांच्या वाड्यांतून घर न घर पालथं घातलं. "लाँच पायजे," एवढंच ती म्हणायची. गावाने वर्गणी काढली, धरणाच्या भरपाईतले थोडे पैसे काढले, आणि लाँच शोधायचं काम सरपंचांनी अंगावर घेतलं.

त्यांना ती मिळाली नाशिक रस्त्याला, मोशीच्या पुढे. एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याचं तिथे मोठं आवार होतं. कुठल्याशा खात्याने लिलावात काढलेली लाँच त्याने ट्रकवर घालून आणली होती. आक्काला सायकलवर मागे बसवून आम्ही पोहोचलो तर चहूबाजूंनी कांद्याची मोकळी झालेली रानं, मे महिन्याची धूळ, आणि त्या धुळीत लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली पंचवीस फुटांची लोखंडी लाँच. मैलभर पाणी नाही. बुडाला वाळलेलं शेवाळ तेवढं चिकटलेलं होतं.

सरपंच आमच्या आधीच आले होते. पांढरं धोतर, टोपी, हातात छत्री. मला बघून म्हणाले, "आलास का? बघ आन् हो म्हन. शेठला शब्द दिलाय मी. दुसरं गिऱ्हाईक बी हाय त्याच्याकडं."

शेठ गोड माणूस होता. "अहो फिटर, दोन-दोन इंजिनं आहेत. डावं आणि उजवं. एकाच्या मोलात दोन. एकदम कंडिशनमध्ये. बघा आता." त्याने आपल्या माणसाला खूण केली. माणसाने डाव्या इंजिनाला हँडल लावलं, दोन वेढे मारले आणि इंजिन धडधडायला लागलं. सरपंचांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

मी ओरडलो, "बंद करा, बंद करा!"

लाँचचं इंजिन बाहेरचं पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतं. इथे पाणीच नव्हतं. असं कोरडं चालवलं तर पाच-सात मिनिटांत पंप जळतो. माणसाने घाबरून इंजिन बंद केलं. मी शिडीने वर चढलो, तळातल्या फळ्या उचलल्या आणि आधी काही न करता उजव्या इंजिनावर तळहात ठेवला. ते कोमट होतं. मे महिन्याचं ऊन जमेस धरूनही जास्तच कोमट. वरचं पत्र्याचं झाकण उन्हाने तापलेलं समजू शकतो, पण सावलीतल्या खालच्या अंगालाही ऊब होती.

"शेठ, हे सकाळी चालवलंय तुम्ही."

"तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून ठेवलं. पाहुणे यायचे म्हणजे घर झाडून ठेवतोच की माणूस."

मी खाली उतरलो आणि सरपंचांना सांगितलं, की तापलेलं इंजिन कुणाच्याही हाताने सुरू होतं. त्याची खरी तब्येत कळते ती थंड असताना. पहाटे पलीकडे कुणी अडलं तर लाँचला कुणी आधी तापवून ठेवणार नाही. ही दोन्ही इंजिनं पूर्ण थंड झाल्यावर, पाणी जोडून, मी स्वतः सुरू करीन. तोवर हो म्हणायचं नाही.

सरपंच चिडले. "मंग काय पुढल्या गुरुवारी यायचं परत? मिरग तोंडावर आला."

आक्काने मला विचारलं, "थंड व्हाया किती येळ लागंल?"

"पाच-सहा तास."

"मग बसू की." आणि ती लाँचच्या सावलीत पदर घेऊन बसली सुद्धा.

तसे आम्ही बसलो. म्हणजे आक्का आणि सरपंच बसले, मी कामाला लागलो. आवाराच्या कोपऱ्यात विहीर होती. शेठकडून दोन मोकळी पिंपं मागून घेतली, ती फळकुटांवर चढवली, जुन्या रबरी नळ्यांचे तुकडे तारेने आवळून पंपांना जोडले. पिंपं भरायची तर विहिरीतून पोहऱ्याने. थोड्या वेळाने बघतो तर आक्का उठून पाणी ओढायला लागली होती. मी नको म्हणालो तर म्हणाली, "तू तुजं बघ."

दुपारी तिने फडकं सोडलं. भाकरी, लसणाची चटणी, कांदा. तिने सरपंचांना विचारलं, "घ्या की कोरभर."

"न्हाई, आज उपास हाय माजा," सरपंच म्हणाले आणि थोड्या वेळाने छत्री उघडून रस्त्याकडे चालू लागले. रस्त्याला एक भज्यांची टपरी होती. आम्ही बसलो होतो तिथून ती स्पष्ट दिसत होती, आणि टपरीच्या बाकावर बसून कागदातली भजी खाणारे सरपंचही. आक्काने बघितलं आणि चटणी माझ्याकडे सरकवली. त्यांच्या घरातली तीन पोरं हिच्याच हातावर जन्मली होती. आम्ही दोघांनीही तो विषय काढला नाही. तो आम्हाला नवा नव्हता.

चार वाजून गेल्यावर मी पुन्हा वर चढलो. आता दोन्ही इंजिनांवर हात ठेवला तर लोखंड लोखंडासारखं लागलं. प्रत्येक इंजिनाला दोन सिलिंडर होते. हेडवर, म्हणजे इंजिनाच्या वरच्या लोखंडी झाकणावर, प्रत्येक सिलिंडरची एक खिट्टी असते. ती उघडी ठेवली की इंजिन हाताने सहज फिरतं, मिटली की आतली हवा दबते आणि हँडल उलटा झटका देतं. तो झटका जेवढा जोरदार तेवढं इंजिन तरुण. मी डाव्याला हँडल लावलं. एक सिलिंडर, झटका. दुसरा, तसाच झटका. मनगट दुखलं, बरं वाटलं.

मग उजवं. पहिल्या सिलिंडरने झटका दिला. दुसऱ्याला हँडल नुसतं फिरत राहिलं. विहिरीचा दोर तुटल्यावर रहाट फिरतो तसं.

मी तेलाची पट्टी काढून बघितली. तेल नवंकोरं, मधासारखं. डाव्या इंजिनातलं तेल काळं होतं, चाललेल्या इंजिनाचं असतं तसं. मग उजव्याचंच तेवढं का बदललं? मी शेठकडे बघितलं. त्याने आभाळाकडे बघितलं.

"आता चालू करतो," मी म्हणालो.

डावं तिसऱ्या वेढ्याला सुरू झालं. आधी पांढरा धूर, मग मिनिटाभरात धूर विरून गेला आणि आवाज एका लयीत आला. उजव्याला मी, शेठचा माणूस, पुन्हा मी, असे घामाघूम होईपर्यंत वेढे मारत राहिलो. शेवटी ते सुरू झालं, पण लंगडत. पांढरा धूर थांबेना. नळीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुडबुडे येत होते. मी अर्धा तास ते तसंच चालू ठेवलं आणि बंद केलं.

"चाललं की," सरपंच म्हणाले. "थोडं खोकतंय, पर चाललं."

"उद्या सकाळी सांगतो," मी म्हणालो. "रात्रभर तेल निवळू दे. शेठ, तोवर याला कुणी हात लावायचा नाही."

शेठ म्हणाला, "माझ्या आवारात मला सांगता?"

"मी ऱ्हाते हितं," आक्का म्हणाली. आवाराच्या राखणदाराची बायको चुलीपाशी होती. आक्का तिच्याकडे गेली, काहीतरी बोलली आणि आपली पेटी आत ठेवून आली. मी सायकलवरून परत आलो. दुसऱ्या दिवशी माझी दुसरी पाळी होती, त्यामुळे दुपारपर्यंत मोकळा होतो.

शुक्रवारी सकाळी सूर्य वर यायच्या आत मी आवारात हजर झालो. आक्का उठून बसलेली होती. तिने नुसती मान हलवली, म्हणजे कुणी आलं नव्हतं. थोड्या वेळाने सरपंच आले, शेठ आला. मी उजव्या इंजिनाच्या तळाशी पत्र्याचा डबा धरला आणि तेल सोडायचा बोल्ट हळूहळू उघडला. तेल यायला हवं होतं. आधी पाणी आलं. स्वच्छ पाणी, पेलाभर. मग ताकासारखं पांढरं काहीतरी. मग कुठे तेल.

मी डबा सरपंचांच्या पुढे ठेवला. "थंड करायचं पाणी आत तेलात उतरतंय. हेड तडकलंय नाहीतर त्याखालचं गॅस्केट गेलंय. हे इंजिन फार तर महिना जाईल. मग आत सगळं घासून बसेल."

सरपंच डब्यात बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी कारखान्यातली मानसं. चांगल्या बैलाचे बी दात मोजत बसाल."

"बैल घेताना तुम्ही मोजत नाही?"

"एक इंजिन चांगलं हाय न्हवं? दोन हायेत. एक गेलं तर दुसरं हाय."

"सरपंच, दोन असतात ती एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी यायला. यातलं एक आजच बंद आहे. तुमच्याकडे एकच इंजिन आहे, आणि ते दुसऱ्याचं ओझं वाहणार."

शेठने घड्याळ बघितलं. "मला आज सांगा बुवा. माल आहे तसा, आहे त्या जागी. घ्यायचा तर घ्या."

सरपंचांनी कोपरीच्या खिशाकडे हात नेला. ते घेणार होते. मला ते दिसत होतं. माझ्याकडे डबा होता, त्यातलं पाणी होतं, त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

आक्का पुढे आली. ती त्यांच्यापुढे सहसा मोठ्याने बोलत नसे. तेव्हाही मोठ्याने बोलली नाही. म्हणाली, "सरपंच, तुमची सून गेली तवा मी चालत आले. उशिरा आले, पर आले. ही लाँच मधीच बंद पडली तर मी चालत बी यायची न्हाई."

सरपंचांचा हात खिशापाशीच थांबला. मग त्यांनी मला विचारलं, "दुरुस्त व्हतंय का ह्ये?"

"हेड उघडून बघितलं तर सांगता येईल. बाकी इंजिन मला बरं वाटतं."

"मंग उघड."

शेठ नाही म्हणणार होता. पण सरपंच त्याच्याकडे वळले आणि गावकीत बोलावं तशा आवाजात म्हणाले, "शेठ, पेलाभर पानी तुमच्या इंजिनातनं निघालंय. दुसऱ्या गिऱ्हाइकाला आमी त्ये सांगायचं का? का आमच्या फिटरला दोन दिस काम करू देता?" शेठने काम करू दिलं.

त्या दिवशी दुपारी पाळीवर गेलो तेव्हा फोरमनला चार दिवसांची बिनपगारी रजा मागितली. तो म्हणाला, "कुणी आजारी आहे का?" मी म्हणालो, "एक इंजिन आजारी आहे." त्याने आधी शिवी दिली आणि मग सही केली.

शनिवारी मी हेड उतरवलं. नुसत्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मग रॉकेलने पुसून काढलं, फडक्याने कोरडं केलं आणि वरून खडूची पूड चोळली. दहा मिनिटं वाट बघितली. दुसऱ्या सिलिंडरच्या वर, दोन व्हाल्वच्या मधे, पांढऱ्या पुडीवर केसासारखी एक काळी रेघ उमटली. आत मुरलेलं रॉकेल तिथून बाहेर येत होतं. सरपंच माझ्या खांद्यावरून बघत होते. "एवढीशी?" ते म्हणाले.

हेड वेल्डिंग करून टिकणारं नव्हतं. नवीन मिळायचं तर मुंबईहून, कधी कोण जाणे. पण हे इंजिन ज्या जातीचं होतं त्या जातीची इंजिनं शेतीच्या पंपावरही असत, आणि त्या वर्षांत चाकणच्या बाजूला विहिरींवर वीज येत होती. लोक विजेच्या मोटारी बसवत होते. म्हणजे जुनी डिझेल इंजिनं कुणाच्या तरी गोठ्यात पडलेली असणार.

"शोधायचं कसं?" सरपंच म्हणाले.

"विचारत विचारत."

"मी येतो. तुला कोन देनार? तू मागशील आन् मानसं दार लावतील."

त्यांचं खरं होतं. एस.टी. रस्त्याने जाते, विहिरी रस्त्याला नसतात. माझ्याकडे सायकल होती. सरपंचांनी सायकलकडे बघितलं, कॅरियरकडे बघितलं, धोतराचा सोगा खोचला आणि मागे बसले. तोल सांभाळायला माझ्या अंगाला धरावं लागणार हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. थोडा वेळ त्यांनी सीटची स्प्रिंग धरून बघितली. इंद्रायणीच्या पुलावर खड्डा आला तशी त्यांनी माझा खांदा धरला, आणि मग सोडला नाही.

तीन दिवस आम्ही असे हिंडलो. मोशी, आळंदी फाटा, चाकण, त्याच्या आतल्या वाड्या. चढाला ते उतरून चालायचे, उताराला बसायचे. गोठ्यात शिरून मी इंजिन बघायचो, ते बाहेर बाजेवर बसून पाऊस, कांदा, सोयरिकी असं बोलायचे. पहिल्या दिवशी दोन इंजिनं सापडली, दोन्ही वेगळ्या जातीची. दुसऱ्या दिवशी एक सापडलं, पण मालकाने त्याचं हेड केव्हाच भंगारात घातलं होतं.

त्या दुसऱ्या दिवशी परतताना वारा तोंडावर होता. मी खाली मान घालून पायडल मारत होतो. मागून सरपंच बोलायला लागले. मला वाटलं कांद्याचंच काही सांगतायत.

"त्या दिवशी होडी मीच सोडू दिली न्हाई," ते म्हणाले. "वारा लई व्हता. पोरगा माजा म्हनत व्हता, मी जातो, सुईनबाईला घेऊन येतो. मी म्हनलो, बुडाल. सून जायची ती जाईल का ऱ्हाईल देवाला ठावं, तू बुडशील. मग मानूस चालत धाडला."

मला मागे वळता येत नव्हतं. त्यांनाही ते माहीत असावं.

"तुम्ही केलंत ते बरोबरच होतं," मी म्हणालो. "तसल्या वाऱ्यात होडी टिकली नसती."

"बरुबर व्हतं. मी बी तेच म्हनतो रोज. बरुबर व्हतं म्हनून काय व्हतंय?"

मोशी येईपर्यंत मी पायडल मारत राहिलो. त्यांना लाँचची एवढी घाई का झाली होती, खिशाकडे हात का गेला होता, ते मला तेव्हा कळलं. मी तोवर त्यांना नुसता शब्दाला हट्टी माणूस समजत होतो.

तिसऱ्या दिवशी चाकणच्या पुढे एका वाडीत इंजिन सापडलं. म्हशीच्या दावणीला टेकवून ठेवलेलं, वर कडब्याच्या पेंढ्या. मी पेंढ्या बाजूला केल्या, ओल्या फडक्याने पाटी पुसली. तीच जात. हेड उतरवून तिथेच रॉकेल आणि खडूने तपासलं. रेघ उमटली नाही. मी पुन्हा पुसलं, पुन्हा खडू लावला. नाही उमटली. बाहेर आलो तर मालक, एक म्हातारे गृहस्थ, नाही म्हणत होते. त्यांचं म्हणणं, वीज आज आहे, उद्या गेली तर? इंजिन मोडून कसं देऊ? सरपंचांनी त्यांना धरणाची गोष्ट सांगितली. सुनेचीही सांगितली, होडीसकट. मी पहिल्यांदाच बघितलं, की ते बोलताना खाली बघत होते. म्हातारे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "न्या. पर लाँचचं काम झालं की तुमचा फिटर एक दिस हिकडं पाठवा. माझी मोटार करकरती." मी दोन वेळा जाऊन त्यांची मोटार नीट करून आलो.

हेड कॅरियरला बांधल्यामुळे परत येताना सरपंचांना चाकणहून एस.टी.ने यावं लागलं. ते माझ्या आधी आवारात पोहोचले होते.

नवं गॅस्केट पुण्यात मिळालं. व्हाल्व घासले, हेड बसवलं, बोल्ट एकाआड एक थोडे थोडे आवळले, तेल भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन थंड असताना मी हँडल सरपंचांच्या हातात दिलं. "बघा तुम्हीच." त्यांनी पहिल्या सिलिंडरला फिरवलं, झटका बसला. दुसऱ्याला जरा गाफील राहिले. हँडल उलटं आलं, त्यांची टोपी उडाली आणि ते फळीवर बसले. मनगट धरून म्हणाले, "आयला, जिवंत हाय की ह्ये." आक्का विहिरीपाशी होती. तिने पदर तोंडाला लावला.

त्या दिवशी दोन्ही इंजिनं मी तासभर चालवली. रात्रभर तेल निवळू दिलं, सकाळी बोल्ट उघडला. तेलच आलं. मग मी हो म्हणालो.

लाँच ट्रकवर चढवून मावळात नेली आणि मृगाच्या आधी दोन दिवस पाण्यात सोडली. त्या दिवशी दोन्ही काठांचे लोक जमले होते. सरपंचांनी नारळ फोडला, कुणी हार घातला. लाँच ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्यापाशी थोडं पाणी आत येत होतं, ते मी दांड्याभोवतीचा दोर आवळून थांबवलं. सगळे चढायला तयार, पण आक्काचा पत्ता नव्हता. ती सकाळपासून वरच्या वाडीला गेली होती, तिथे एक बाळंतपण होतं. थांबायचं की निघायचं यावर काठावर वाद सुरू झाला. दुपार टळताना ती उतारावरून येताना दिसली, पेटी डोक्यावर, चालण्यात घाई.

ती सरळ पाण्यापाशी आली. हार, नारळ, माणसं, कशाकडे बघितलं नाही. "वाटंत पलीकडचा मानूस भेटला, निरोप हाय," ती मला म्हणाली. "चल लवकर."

सरपंचांनी चढलेल्या लोकांना खाली उतरवलं. मी डावं सुरू केलं, मग उजवं. आक्का फळीवर बसली, पेटी मांडीवर. वारा बऱ्यापैकी सुटला होता. होडीवाल्याने आपली होडी ओढून वर घेतली होती. लाँच लाटांवर आपटत होती, पण दोन्ही आवाज एका लयीत होते आणि मी त्यांच्याखेरीज काही ऐकत नव्हतो. वीस मिनिटांत पलीकडचा काठ आला. आक्का गुडघाभर पाण्यात उतरली आणि मागे न बघता चढ चढून गेली.

मी इंजिनं बंद केली. तेल बघितलं, पाणी बघितलं. लाँच खडकाला बांधली आणि काठावर बसलो. ऊन उतरायला लागलं होतं तेव्हा ती खाली आली. पाण्याच्या कडेला उकिडवी बसून कोपरांपर्यंत हात धुतले.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "आई बरी हाय. पोर बी बरं हाय."

मग ती लाँचमध्ये चढली, फळीवर आडवी झाली आणि पेटी उशाला घेतली. मी हँडल लावलं, दोन्ही इंजिनं सुरू केली आणि अलीकडच्या काठाकडे निघालो. एवढ्या आवाजात ती झोपूनही गेली होती.